मशीन चांगली आहे हो, पण स्पिन बंद पडलं की तोंडातून शब्द काढत नाही

वॉशिंग मशीन, फ्रंट लोड (पुढून दार असलेलं), ७ किलो, १२०० आरपीएम (मिनिटाला फेरे). चार वर्षं वापरून लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण हे रडगाणं बहुतेक सगळ्याच फ्रंट लोडला लागू आहे असं आता माझं मत झालंय. कपडे धुण्याबद्दल तक्रार शून्य, कॉलरचा मळ निघतो, आवाज कमी, पाणीही कमी लागतं, तो विषय संपला.

आता स्पिनचं, म्हणजे ड्रम जोरात फिरवून कपडे पिळण्याचं. एक दिवस धुणं लावलं आणि डिस्प्लेवर शेवटची ९ मिनिटं उरली की तिथेच गाडी अडायला लागली, म्हणजे ९ दिसतंय, ड्रम हळूच इकडे फिरतोय, तिकडे फिरतोय, थांबतोय, आणि जरा वेळाने बघावं तर ९ चे परत १४. असं तीनदा. शेवटी मशीनने हात टेकले आणि कपडे आत ओलेचिंब, वर दारही उघडेना. हेल्पलाईनला फोन केला तर पलीकडच्या माणसाने दोन प्रश्नसुद्धा न विचारता सांगितलं, मॅडम बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला असणार, बदलावा लागेल. अरे न बघता? मला तिथेच शंका आली.

कारण नीट ऐकलं तर पंप घुरघुरत होता पण ड्रेनच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या पाईपातून पाण्याची नुसती बारीक धार. आणि ही गोष्ट मला आधी कुणीतरी सांगायला हवी होती, की स्पिन होत नाही याचा अर्थ मोटार गेली असा नसतो, आत किती पाणी आहे हे बघणारा एक सेन्सर असतो आणि त्याला जोवर पाणी दिसतंय तोवर मशीन जोरात फिरणारच नाही. म्हणजे दुखणं पाणी निघण्याचं आणि आपण बोंब मारतोय स्पिनची!

मग प्लग काढला (हे आधी, बाकी सगळं नंतर) आणि खाली उजव्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं. तिथे एक छोटी नळी असते बूच लावलेली, आधी त्यातून पाणी काढायचं, आणि गरम पाण्याचं धुणं असेल तर गार होऊ द्यायचं. फिल्टर एकदम फिरवून काढू नका. मी काढला. फरशीवर तळं. पहिल्यांदा पसरट ताट ठेवलं होतं, ते एका वेळी पुरत नाही, पण जागाच पोळी भाजायच्या तव्याएवढ्या उंचीची मिळते फार तर, खोलगट भांडं तिथे बसतच नाही, म्हणून जरा जरा सैल करून पाणी काढायचं, परत घट्ट, ताट रिकामं, परत सैल. कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही. आत काय तर केसांचा गुंता, एक शर्टाचं बटण आणि मागे पंपाच्या तोंडाशी बाळाचा पायमोजा, काळा पडलेला, चिकट, जो मी महिनाभर कपाटात शोधत होते. दाराच्या रबराच्या फटीतून असा छोटा कपडा खाली जाऊ शकतो हे मला नवीनच. टॉर्च मारून पंपाचं आतलं पातं बोटाने फिरवून बघितलं तर ते अडखळत अडखळत फिरत होतं, मी घाबरले, पण आत चुंबक असल्यामुळे ते तसंच फिरतं, अजिबात फिरलं नाही तर काळजी करायची.

फिल्टर घट्ट लावला, फक्त ड्रेन आणि स्पिन लावलं, आणि मशीन विमानासारखी सुटली. बोर्ड म्हणे!

नंतर परत दोनदा स्पिन अडलं पण ती चूक माझीच. एकदा फक्त जाड पायपुसणं टाकलं होतं एकटंच, ते भिजून एका बाजूला बसलं आणि तोल जातोय म्हणून मशीनने स्पिन टाळलं, दोन टॉवेल सोबत टाकले की झालं. दुसऱ्यांदा पावडर हात सोडून घातलेली, फेसच फेस, तेव्हाही अडते, नुसत्या पाण्यात एक फेरी मारावी लागते. गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र स्पिनला कधीच टाकू नका, त्यात पाण्याचा फुगा धरून राहतो आणि मशीन जागेवरून उड्या मारते. आणि हो, मुलांनी बटणं दाबून स्पिन शून्यावर ठेवलंय का तेही बघा, हसू नका, आमच्याकडे झालंय.

पाणी पूर्ण निघतंय, दार नीट लॉक होतंय आणि तरी ड्रम ढिम्म, असं असेल तर मात्र मेकॅनिक बोलवा. माझ्या मशीनला बेल्ट आहे, रिकामा ड्रम हाताने फिरवला आणि तो नेहमीपेक्षा एकदम हलका, भिंगरीसारखा फिरत राहिला तर बेल्ट निसटला असू शकतो. कार्बन ब्रशची (मोटारीत वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे) मोटार असेल तर ते ब्रश झिजतात. आईकडे सेमी ऑटोमॅटिक आहे, तिचा स्पिनर नुसता गुणगुणायचा पण फिरायचा नाही, तिथे कपॅसिटर (मोटार सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलेला. तो स्वतः काढायला जाऊ नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट राहू शकतो.

मशीनला चार स्टार, हेल्पलाईनला एक, तोही फोन लगेच उचलला म्हणून. मशीनचा एक स्टार कापला तो डिस्प्लेसाठी. ९ चे १४ करण्यापेक्षा "पाणी निघत नाहीये" एवढं दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? मॅन्युअलमध्ये फिल्टर आहे, पण मागच्या पानांत, बारीक अक्षरात.

मोजे आता जाळीच्या पिशवीत घालून टाकते. मागच्या आठवड्यात पिशवीची चेन आत उघडली आणि एक मोजा परत कमी आहे, उद्या झाकण उघडून बघते.