सुभाषनगरातले हातशिलाईचे काळे बूट : दोन वर्षं चालून झाल्यावर

दुकानाला पाटी नाही. सुभाषनगरात चामड्याचा वास सुरू होतो तिथंच एका पत्र्याच्या शेडमध्ये दोघं जण मांडी घालून कामाला बसलेले असतात. त्यांतले वयानं थोर ते मामा. आईच्या माहेरची सगळी माणसं त्यांच्याकडनंच पायताण शिवून घेतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. चप्पल हवी असेल तर कोल्हापुरात दुकानांना तोटा नाही. पण रोज मैलोन्‌मैल चालायला बंद बूट हवे असतील तर इथं यावं, असं मला मनापासून वाटतं.

मी २०२२ च्या मे महिन्यात २४०० रुपयांना जोड शिवून घेतला. तेव्हा मी १९ वर्षांचा होतो आणि दोन वर्षांसाठी मिशनरी म्हणून निघालो होतो.

"मिशनरी? म्हंजे वायल्डर चर्चवाल्यांचं व्हय?" मामांनी विचारलं. कोल्हापूरकराला हाच प्रश्न सुचणार. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथं आले, तेव्हापासून आपल्याकडं मिशनरी म्हटलं की लोकांना ते चर्च आणि त्यांच्या शाळाच आठवतात. मी सांगितलं, ते प्रेस्बिटेरियन, आमचं वेगळं. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेलं. बुक ऑफ मॉर्मन या ग्रंथावरून लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. वडिलांची नोकरी हैदराबादला होती, तिथं आमच्या घराची या चर्चशी ओळख झाली. पुढं आम्ही कोल्हापूरला परत आलो, पण श्रद्धा बरोबर आली.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवाचं तुझं तू बघ. मला एवढंच सांग, आठवडाभर काय काय करनार? सोमवारपास्नं सांग."

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. बूट विकणाऱ्या कुणीही मला आजवर असं विचारलेलं नाही. नंबर विचारतात, फार तर रंग विचारतात. मामांनी माझा आठवडा विचारला आणि त्यावरून बूट बांधला.

मी तेव्हा नियमांच्या पुस्तिकेत वाचलेलं सांगत होतो. सकाळी साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, मग अभ्यास, आधी एकट्यानं आणि मग जोडीदाराबरोबर. त्यानंतर बाहेर पडायचं ते रात्री नऊच्या आसपास परत. साडेदहाला दिवे बंद. कायम दोघांनी बरोबर राहायचं, एकट्यानं कुठंही जायचं नाही. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, पायात गडद रंगाचे बूट, पॉलिश केलेले. पगार नाही, खर्च आपल्या आणि घरच्यांच्या बचतीतून.

"म्हंजे बारा तास पाय बुटात," मामा म्हणाले. "मग सकाळचं माप नको. सांच्याला ये, पाय फुगल्यावर."

संध्याकाळी गेलो. खाली वर्तमानपत्र पसरलं, त्यावर उभं केलं आणि दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही बुटांसाठी फर्मे, म्हणजे ज्यावर बूट बांधतात ते पावलाच्या आकाराचे साचे, वेगवेगळे लावले. तेवढ्यात चहा आला. आमच्यात चहा-कॉफी चालत नाही, दारू-तंबाखूही नाही. १८३३ पासूनची शिकवण आहे. मामांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी पोराला पाठवून माझ्यासाठी दूध मागवलं. "गंगावेशीच्या कट्ट्यावर जात जा की मग," म्हणाले. तिथं रात्री समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. आम्ही घरचे सगळे जातोच तिथं, हे ऐकून ते खूश झाले.

आता बुटाचं.

पहिली गोष्ट दाराची. मी सांगितलं होतं की आम्ही लोकांच्या घरी जाणार. अनोळखी दारं वाजवत फिरायचं नव्हतं. चर्चमधली कुटुंबं आणि त्यांच्या ओळखीनं ज्यांनी स्वतःहून बोलावलं त्यांच्याकडंच. मामांनी लगेच हिशेब मांडला: दिवसाला दहा घरं, म्हणजे वीस वेळा बूट काढ-घाल. नाडीचा बूट असेल तर माणूस कंटाळतो, टाच चेपून पाय सारतो, आणि महिनाभरात बुटाची पाठ मोडते. म्हणून त्यांनी वर नाडी ठेवली ती फक्त दिसायला, कायमची गाठ मारलेली. जिभेच्या दोन्ही बाजूंना आतून इलास्टिक. पाठीला चामड्याचे दोन थर, मध्ये आणखी एक कडक पट्टी. बेंगळुरूत पहिल्याच आठवड्यात मंगळवारी मी मोजलं, बूट चौदा वेळा काढले. माझा जोडीदार प्रत्येक दारात खाली बसून नाड्या सोडायचा आणि घरातली आजी त्याच्याकडं कौतुकानं बघत थांबायची. मी तोवर आत पोचलेला असायचो.

दुसरी गोष्ट तळाची. नुसता चामड्याचा तळ पाणी पितो. नुसता रबरी तळ उन्हात पाय शिजवतो. मामांनी आत चामडं ठेवलं, खाली रबर, आणि टाचेला टायरचा तुकडा, आपल्याकडं शेतावरच्या पायताणाला लावतात तसा. दिसायला सुबक नाही, पण टाच उलटी करून कोण बघतंय?

तिसरी गोष्ट मला फार आवडली. त्यांनी विचारलं, "वाजनारा करू का बिनआवाजाचा?" कोल्हापुरी पायताण कर्रकर्र वाजलं पाहिजे, त्यातच त्याची ऐट. पण मी म्हटलं, आजारी माणसांच्या घरी जावं लागेल, कुणी प्रार्थनेला बसलेलं असेल. तेव्हा मामांनी मान हलवली आणि आतल्या थरांमध्ये काहीतरी मऊ घालून शिवलं. दोन वर्षांत बूट एकदाही वाजला नाही.

गुरुवार-शुक्रवारात आठवड्याचं नियोजन करायला बसायचो, तेव्हा पायांना विसावा. शनिवारी इंग्रजीचा मोफत वर्ग, नाहीतर कुणाचं घर बदलायचं असेल तर सामान उचलायला जायचं. रविवारी प्रार्थनासभा, पाव आणि पाणी आशीर्वाद देऊन सगळ्यांना वाटतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, दोन जेवणं सोडायची, पाणीही नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. त्या दिवशी मात्र हे बूट जड वाटायचे. किराणा दुकानाच्या काट्यावर मी एकदा जोड ठेवला होता, १ किलो १८० ग्रॅम भरला. ज्यांना हलके बूट हवेत त्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण या बुटांचा खरा दिवस सोमवार. सोमवार आमचा तयारीचा दिवस. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, आणि घरी फोन. आधी मिशनरींना वर्षातून दोनदाच घरी बोलता यायचं, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला परवानगी मिळाली. मी सकाळी कपडे वाळत घातले की गच्चीवर वर्तमानपत्र पसरून बूट पुसायचो, ओल्या फडक्यानं धूळ, मग चेरी ब्लॉसम, मग ब्रश. ते सुकेपर्यंत आईला व्हिडिओ कॉल. आई आधी विचारायची, जेवलास का. मग म्हणायची, बूट दाखव.

मला आधी वाटायचं, पैसे वसूल होतायत का ते बघतीय. नंतर कळलं की ती माझा आठवडा बुटांवरून वाचत होती. लाल माती दिसली की म्हणायची, गावाबाहेर गेलावतास. पुढचा भाग घासलेला दिसला की विचारायची, जिने लई चढलास का. पाचव्या महिन्यात, विशाखापट्टणमला, एका सोमवारी मी बूट पुसलेच नव्हते. त्या आठवड्यात ज्यांच्याकडं जायचं ठरलं होतं त्यांनी एकामागून एक नको म्हणून कळवलं होतं, जोडीदार तापानं पडला होता आणि मला बॅग भरून घरी यावंसं वाटत होतं. आईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवून मी फोन लावला. ती म्हणाली, बूट दाखव. मी दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्ता पूस. मी हाय हितं." मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि ती बघत असताना दोन्ही बूट पुसले. तिनं मला परत ये म्हटलं नाही आणि तिथंच राहा असंही म्हटलं नाही. त्यानंतर एकही सोमवार मी चुकवला नाही.

विशाखापट्टणमचा पाऊसही सांगायला हवा. मामांनी मला दोन जोड घ्यायला सांगितलं होतं, कारण चामड्यातला घाम सुकायला एक दिवसाआड विश्रांती लागते. तेव्हा तेवढे पैसे नव्हते. मी दुसरा जोड एका मोठ्या दुकानातून तयार घेतला, नाव घेत नाही. चौथ्या महिन्यात पावसात त्याचा तळ चिकटपट्टीसारखा सुटून हातात आला. पुढं सगळा भार मामांच्या जोडावर. ओले झाले की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली उभे करायचे, चुलीजवळ किंवा उन्हात कधीच नाही. ही मामांचीच ताकीद. त्यांचं ऐकून पहिल्यापासून दोन जोड घेतले असते तर बूट आणखी टिकले असते, यात मला शंका नाही.

उणिवाही सांगतो. दिलेल्या तारखेपेक्षा नऊ दिवस उशीर झाला आणि मला निघायच्या आदल्या रात्री बूट मिळाले. पहिले दहा दिवस टाचेला चावले. घरात मोजे घालून रोज तासभर वापरायला वेळच मिळाला नाही. चौदाव्या महिन्यात डाव्या बुटाचं इलास्टिक सैल पडलं. कोइमतूरला बसस्टँडजवळच्या चांभारदादांनी ते बदललं. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. पण त्यांनी बूट आतून चाचपला, शिलाईवरून अंगठा फिरवला, आणि मशीन बाजूला सारून हातानं शिवायला घेतलं. टाचेचं रबर मात्र दोन वर्षांत एकदाच बदललं.

दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात, त्यात एकदा अमेरिकेतल्या आयडाहोचा जोडीदार मिळाला. त्याचा पाय एवढा मोठा की इथल्या दुकानांत मापाचा काळा बूटच मिळेना. त्याचं पाऊल वर्तमानपत्रावर आखून मी कुरिअरनं आईकडं पाठवलं. मामांकडं तेवढा फर्मा नव्हता. त्यांनी सगळ्यांत मोठ्या फर्म्यावर चामड्याच्या पट्ट्या चिकटवून तो वाढवला आणि त्यावर बूट शिवला. ३००० रुपये घेतले. एक महिना लागला, बदलीच्या चार दिवस आधी पार्सल आलं. जोडीदारानं घातले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाला, हे ज्यानं शिवले त्याचे आभार कोणत्या भाषेत मानायचे? मी त्याला मराठीत एक ओळ शिकवली. ती त्यानं रेकॉर्ड करून पाठवली आणि आईनं शेडमध्ये जाऊन मामांना ऐकवली. मामांनी ती तीनदा लावायला लावली असं आई सांगते.

मी २०२४ च्या जूनमध्ये परत आलो. तोच जोड आज विद्यापीठात घालून जातो.

जाणाऱ्यांसाठी थोडं: पैसे रोख न्या. पावसाळ्यात ऑर्डर देऊ नका, चामडं नीट सुकत नाही. निदान दोन महिने हाताशी ठेवा. आणि माप द्यायला संध्याकाळीच जा.

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीला घेऊन गेलो होतो. तिचीही आता मिशनची पाळी, मुलींसाठी दीड वर्ष असतं. मामांच्या हाताला आता थोडा कंप आलाय. आरी त्यांचा मुलगा धरतो, पण पाऊल अजून तेच आखतात. बहिणीनं वर्तमानपत्रावर पाय ठेवला, मामांनी पेन्सिल कानावरनं काढली आणि विचारलं, "हां, सांग बाळ. सोमवारी काय करनार?"

ती सांगत बसली ती रविवारपर्यंत. ३२०० रुपये ठरले, निम्मे आगाऊ दिलेत. या वेळी जोड दोन घेतोय.