कार्बोरेटर गेला म्हणाले, तर आधी पॉइंट उघडायला लावा

पावसाळ्यानंतर वडिलांची १९९२ सालची बुलेट ३५० मलूल झाली. यवतेश्वरच्या घाटात दम टाकायची, इंजिन तापायचं, इंजिनच्या हेडजवळचा, धूर बाहेर नेणारा बेंड पाइप निळा पडला होता. साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्यानं रेस देऊन ऐकलं आणि लगेच म्हणाला, "दादा, कार्बोरेटर गेला." पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा हा भाग नवा बसवल्याचे म्हणून ४,८०० रुपये घेतले. पावती दिली नाही, आणि जुना कार्बोरेटर परत मागायचं मला सुचलं नाही.

लिटरला ३५ देणारी गाडी २३ वर आली. परत गेलो, तर त्यानं पॉइंटची, म्हणजे उघडताच प्लगला ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्विचची, प्लेट अंदाजानं पुढे सरकवली. पिकअप आला खरा, पण चढाला इंजिन टिणटिण वाजायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किक उलटी बसली. घोटा सुजून तीन आठवडे लंगडत होतो.

मग वडिलांच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी पॉइंटचं झाकण काढून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातला. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवा. इथं पाव मिमीची पातीही शिरेना. "पॉइंटची घासणारी टाच झिजली की गॅप मिटतो, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते," ते म्हणाले. पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. उशीर झाला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी आत जाळ चालूच असतो. ताकद कमी होते आणि पाइप भाजतो. फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच दणका. तोच माझ्या घोट्याला बसला होता.

कार्बोरेटर त्यानंतर उघडला. 'नव्या'च्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, मेन जेटवरचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीवरचा, नंबर कानशीनं घासलेला. एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. मोठ्या जेटमुळे पेट्रोल जास्त जात होतं आणि प्लगवर काजळी धरत होती.

मिस्त्रींनी योग्य नंबरचा जेट आणि नवे पॉइंट बसवले. प्लगच्या भोकात स्पोक सोडून पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे आणला, पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरला आणि प्लेट केसाकेसानं फिरवली. कागद अलगद सुटला, तिथं स्क्रू आवळला.

तुम्हाला कुणी कार्बोरेटर बदला म्हटलं, तर गॅप आणि टायमिंग समोर मोजून घ्या, प्लग स्वतः बघा, आणि बदललेला भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा जुना कार्बोरेटर मागायला गेलो, तेव्हा तो भंगारात गेल्याचं उत्तर मिळालं. मला वाटतं, घासूनपुसून तो दुसऱ्या कुणाच्या बुलेटला 'नवा' म्हणून लागला असणार.