परभणीतली कथालेखन कार्यशाळा: एक विहीर, अनेक कथा

परभणीतली दोन दिवसांची कथालेखन कार्यशाळा करून आले. लिहिणाऱ्या प्रत्येकानं जावं, असं मनापासून सांगते. रहस्य, भय, इतिहास, विज्ञान असं सगळं एकाच ठिकाणी शिकवायचं म्हणजे वरवरचं होण्याची भीती असते. तसं झालं नाही, कारण शिकवणाऱ्या सरांनी सगळ्या प्रकारांसाठी प्रसंग एकच दिला: मे महिन्यात विहिरीतला गाळ काढताना लोखंडी पेटी सापडते.

रहस्यकथेत त्यांचा आग्रह असा, की धागा वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलाच पाहिजे. "पेटी गंजलेली, कुलूप मात्र नवं. हे पहिल्याच पानावर सांगा, पण गाळाच्या, उन्हाच्या वर्णनात असं मिसळा की नजर तिथं थांबू नये." शेवटच्या पानावर नवाच माणूस आणून त्याला खुनी ठरवलं तर वाचक पुन्हा आपल्या वाटेला जात नाही. आमच्यात एक निवृत्त पोलीस जमादार होते. एकीच्या कथेत विहिरीत प्रेत दिसल्याबरोबर खुनाचं कलम ३०२ लागलं होतं. ते म्हणाले, "ताई, आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, मग पीएम, म्हणजे शवविच्छेदन. अन् कथा आत्ताची असली तर ३०२ न्हाई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०३." पुढचा तासभर सगळे त्यांनाच विचारत होते. माझी फी तिथंच वसूल झाली.

भयकथेला एक वाक्य पुरलं: विहिरीत उतरले चौघं, भाकरी मात्र पाच जणांच्या संपल्या. भूत दाखवायचंच नाही.

सगळ्यांत रमले ते ऐतिहासिक कथेत. पेटी सप्टेंबर १९४८ मधली. १७ तारखेला निजामाची राजवट संपली हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आठवडाभर आधी रझाकारांच्या धास्तीनं हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या चलनातले रुपये पेटीत भरून विहिरीत सोडणाऱ्या बाईला ठाऊक नाही. "तिला तुमच्याइतकं शहाणं करू नका," असं सर म्हणाले. हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

विज्ञानकथेसाठी त्यांनी आपल्याच हिंगोलीकडे बोट दाखवलं. औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होतेय. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, दूरच्या कृष्णविवरांच्या धडकेतून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या. जमिनीची बारीक थरथरसुद्धा त्या यंत्राला जाणवते. मग शेजारच्या शिवारात विहिरीला सुरुंग लागला तर? कल्पित गोष्ट एकच धरायची, बाकी गाव लोडशेडिंगसकट आहे तसं.

प्रेमकथेला मात्र जेमतेम अर्धा तास मिळाला, हे खटकलं. दोघांना शेवटपर्यंत लांब ठेवणारं पटण्याजोगं कारण शोधणं फार अवघड. तिथं सराव हवा होता. विनोदी कथा तर राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर एकेकाची वही घेऊन ओळ न् ओळ तपासतात. माणसं इतकी की सहा वाजले तरी निम्म्या वह्या तशाच होत्या. आयोजकांनी संख्या कमी करावी. तोवर जाणाऱ्यांनी अर्धवट का होईना, कथा सोबत न्यावी आणि सकाळीच वही टेबलावर ठेवावी.