स्फोटकांच्या बिलातले ‘शासकीय शुल्क’: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते. स्फोटकांचा माल पुरवठादाराच्या गाडीने खदानीपर्यंत मागवत असाल आणि बिलात ‘शासकीय शुल्क’ अशी ओळ दिसली, तर तिचा तपशील लेखी मागा. आमच्या बाबतीत ती रक्कम सरकारकडे जात नव्हती. सरकारकडे जे पैसे खरोखर जातात ते वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या वेळी जातात, आणि माझ्या मते ते द्यायलाच हवेत.

मी इंदूरची. आमच्या कुटुंबाची काळ्या दगडाची खदान गणपती घाट उतरल्यावर धामनोदच्या बाजूला आहे. हिशेब, परवाने आणि स्फोटकांची मागणी नोंदवणे ही कामे माझ्याकडे, सुरुंग लावायचे काम परवानाधारक ब्लास्टरकडे. पावसाळा सरून खदान सुरू झाली तेव्हापासून एका पुरवठादाराची गाडीसकट सेवा वापरली, मग ती सोडून दुसरा धरला. नावे कोणाचीच देत नाही. अशी बिले इतरही खदानवाल्यांनी मला दाखवली आहेत, तेव्हा प्रश्न एका दुकानाचा नाही.

गिट्टीसाठी आम्हाला मुख्यतः इमल्शन हे स्फोटक आणि ते उडवणारे डिटोनेटर लागतात. जोत्याचे चिरे किंवा पायऱ्यांच्या शिळा अखंड काढायच्या असतील तेव्हा मात्र काळी दारू, म्हणजे बंदुकीची दारूच बरी. इमल्शन दगड फोडून टाकते. दारू त्या मानाने हळू जळते आणि वायूच्या दाबाने दगड ढकलते, म्हणून शिळेला तडे कमी जातात. हळू जळते म्हणजे कमी धोक्याची, असे समजणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण एका ठिणगीने पेटते, इमल्शन तसे पेटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दाणेदार दारूचा क्रमांक ००२७ आणि गट १.१ डी, म्हणजे सगळा साठा एकदम उडू शकतो असा माल. आपल्या स्फोटके नियम, २००८ मध्येही वर्ग १ म्हणजे बंदुकीची दारू.

असा माल टपालाने जात नाही, कुरिअरवाला घेत नाही. रेल्वेने पाठवायचा तर धोकादायक मालाचे ‘रेड टॅरिफ’ नियम आहेत, आणि लेखी सूचना न देता नेला तर रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्यासारख्या छोट्या खदानीला मग एकच रस्ता उरतो: ज्याच्याकडे एलई-७, म्हणजे स्फोटके रस्त्याने नेण्याच्या परवान्याची व्हॅन आहे त्याच्याकडून माल घ्यायचा. आम्ही आरई-११ नमुन्यात मागणी द्यायची, त्याने आरई-१२ पाससह गाडी पाठवायची, आम्ही माल मॅगझिनमध्ये, म्हणजे स्फोटकांच्या कोठारात, उतरवून नोंद करायची. ही पद्धत कडक आहे, पण मला ती आवडते. कोणता डबा कुठून निघाला आणि कुठे पोहोचला, याचा कागद प्रत्येक टप्प्यावर तयार होतो.

पहिल्या पुरवठादाराचा माल चांगला होता, हे आधी नोंदवते. ठरल्या दिवशी यायचा, खोकी कोरडी असायची, वजनात फरक नसायचा. खटकले ते बिल. मालाची किंमत, गाडीभाडे, आणि त्याखाली ‘शासकीय व सुरक्षा शुल्क’ म्हणून दर खेपेला अडीच हजार. अर्धी गाडी आली तरी तेवढेच, दोनच खोकी आली तरी तेवढेच. फोन केला की उत्तर ठरलेले: ‘ताई, बारूद आहे, सरकार घेतं, आम्ही काय करणार?’

सरकार घेते, तर कशाखाली घेते? हे शोधायला मी बसले. स्फोटके कायदा १८८४ चा आहे. त्याखालचे परवाने पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, देते. मुख्यालय नागपूरला, आमच्यासाठी कार्यालय भोपाळला. नियमांच्या शुल्क-अनुसूचीत पैसे लागतात ते परवाना मिळवायला, नूतनीकरणाला, त्यात बदल करायला. मॅगझिनचा परवाना आमचा, त्याचे पैसे आम्ही थेट ऑनलाइन भरतो आणि पावती लगेच येते. व्हॅनचा एलई-७ पुरवठादाराचा, ते पैसे तो भरतो. देशातल्या देशात गाडीने माल नेताना खेपेमागे पेसोला द्यायचे शुल्क मला त्या अनुसूचीत सापडले नाही.

मग बाकीच्या जागा पाहिल्या. ई-वे बिल पन्नास हजारांवरच्या मालाला लागते, ते बनवायला पैसे पडत नाहीत. टोल गाडीच्या आसांवर ठरतो, आत दारू आहे की दाळ यावर नाही. चालकाजवळचे आपत्कालीन माहितीपत्र, ज्याला सगळे ट्रेम कार्ड म्हणतात, ते माल पाठवणाऱ्याने द्यायचे असते, सरकारकडून विकत घ्यायचे नसते. जीएसटी अठरा टक्के आहे, पण तो बिलात वेगळा दाखवलेलाच होता.

आणि त्या जीएसटीनेच गोष्ट उघड केली. अठरा टक्के ‘शासकीय शुल्का’वरही लावले होते. एखाद्याने आपल्या वतीने सरकारी फी भरली आणि जशीच्या तशी आपल्याकडून वसूल केली, तर जीएसटी नियम ३३ प्रमाणे, अटी पाळल्या असतील तर, ती रक्कम करपात्र किमतीत धरत नाहीत. इथे कर लावलेला, पावती जोडलेली नाही, आणि फी कोणत्या कार्यालयाची तेही लिहिलेले नाही. म्हणजे ती पुरवठादाराची स्वतःची आकारणी होती. आकारायला हरकत नाही, गाडी चालवायला खर्च येतोच. माझा आक्षेप नावाला आहे. सरकारी फी म्हटले की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे खदानवाल्यांच्या बैठकीत दर वेळी ‘सरकारने शुल्क कमी करावे’ असा सूर लागतो. न घेतलेल्या पैशांसाठी सरकारला शिव्या, आणि घेतलेल्या पैशांचे काय झाले हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

एक रक्कम मात्र खरोखर सरकारी वळणाची आहे आणि तिच्याबद्दल फार थोड्यांना माहीत असते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. ठरावीक प्रमाणाहून जास्त घातक पदार्थ हाताळणाऱ्याने, आणि हाताळण्यात वाहतूकही आली, विमा काढायचा, आणि जेवढा हप्ता तेवढीच रक्कम पर्यावरण मदत निधीत द्यायची. अपघातात रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला, कोणाची चूक हे सिद्ध होण्याची वाट न बघता मदत मिळावी, हा त्यामागचा हेतू. ही ओळ माझ्या बिलात असती तर मी ती आनंदाने भरली असती. पहिल्या पुरवठादाराला विम्याची प्रत मागितली, ती शेवटपर्यंत आली नाही. त्याला सोडण्याचे खरे कारण हे. अडीच हजारांसाठी मी सोडले नसते.

हे सगळे मी इतके मनावर का घेते, ते माळव्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. १२ सप्टेंबर २०१५ ला झाबुआ जिल्ह्यात पेटलावदला, बसस्टँडजवळच्या भर वस्तीत, उपाहारगृहाला लागून असलेल्या खोलीत साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्या उडाल्या. सत्तराहून अधिक माणसे गेली. सकाळी चहा-नाश्त्याला आलेली, बसची वाट बघणारी माणसे. एप्रिल २०१७ मध्ये आमच्या इंदूरच्या राणीपुऱ्यात फटाक्यांच्या दुकानांना आग लागली. ६ फेब्रुवारी २०२४ ला हरद्याचा फटाका कारखाना उडाला. १ एप्रिल २०२५ ला गुजरातेत डीसाला फटाक्यांचे गोदाम स्फोटात कोसळले, त्यात मेलेले बहुतेक मजूर आमच्याच मध्य प्रदेशातून पोटासाठी गेलेले होते. कायदा होता, परवान्याची पद्धत होती. तपासायला माणूस वेळेवर पोहोचला नाही, किंवा पोहोचून बघितले नाही. तपासनीसाच्या गाडीला डिझेल, त्याचा पगार, त्याचे प्रशिक्षण, हे सगळे कुठून तरी यायला हवे, म्हणून परवाना-शुल्क मला ओझे वाटत नाही.

दुसऱ्या पुरवठादाराचे गाडीभाडे जास्त आहे, तरी एकूण बिल थोडेच चढले. त्याने ‘शासकीय’ हा शब्दच काढून टाकला आहे. त्याऐवजी चालकाचे प्रशिक्षण, गाडीची देखभाल, विमा, सोबतचा माणूस असे वेगवेगळे आकडे लिहिले आहेत. मागितल्यावर एलई-७ ची प्रत, विम्याची प्रत, चालकाच्या परवान्यावरची धोकादायक मालाची नोंद, तिन्ही त्याच दिवशी आले.

गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी मुद्दाम खदानीवर थांबले होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेला माहितीफलक तिच्यावर होता आणि लांबून वाचता येत होता: मालाचे नाव, यूएन क्रमांक, वर्गाचे चिन्ह, आणीबाणीत लावायचा फोन. पहिल्याच्या गाडीवर हाच फलक इतका धुळकट असायचा की क्रमांक लागत नसे. डिटोनेटर वेगळ्या खणात होते. चालकाला मी विचारले, भाऊ, तुमचा कोर्स झालाय ना? त्याने तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र काढून दाखवले आणि आपणहून सांगितले की घाट उतरताना तो गिअर वर टाकत नाही, मागच्या ट्रकला अंतर ठेवायला लावतो, उतारावर मध्ये थांबत नाही. ज्यांनी गणपती घाटात ब्रेक निकामी झालेले ट्रक पाहिले आहेत, त्यांना या वाक्याची किंमत कळेल. २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक माल नेणाऱ्या चालकाच्या परवान्याची मुदत एक वर्षाची तीन वर्षे झाली. कागदोपत्री ते सोयीचे आहे. मला मात्र दर वर्षीची उजळणी हवी होती. घाट तीन वर्षे वाट बघत नाही.

शुल्काबद्दल आणखी एक. जून २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी पेसोच्या परवाना-शुल्कात महिला उद्योजकांना ऐंशी टक्के आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांना पन्नास टक्के सवलत जाहीर केली. आमच्या भागीदारीत सासूबाई आणि मी आहोत, त्यामुळे घरात आनंदच झाला. बायकांना या धंद्यात परवाना मागताना पहिला प्रश्न ‘साहेब कुठे आहेत?’ असाच येतो, म्हणून ही सवलत मला योग्य वाटते. फक्त सवलतीने घटलेली रक्कम तपासणीच्या खर्चातून कापली जाऊ नये.

माझे चुलत दीर अमेरिकेत असतात. त्यांच्या कंपनीतला एक जण नेमबाजीच्या हौसेसाठी दारू मागवतो, त्याच्या बिलातही धोकादायक मालाचे शुल्क असते आणि तोही बरीच वर्षे ते सरकारी समजत होता. ते असते माल नेणाऱ्या कंपनीचे. सरकार तिथे घेते ते वार्षिक नोंदणीचे: एका गाडीत १.१, १.२ किंवा १.३ गटाचा पंचवीस किलोहून जास्त माल पाठवणाऱ्याला किंवा नेणाऱ्याला नोंदणी करावी लागते, लहान धंद्याला २५० डॉलर, मोठ्याला २,५७५, वर २५ प्रक्रियेचे. त्या पैशांतून राज्यांना अनुदान जाते आणि गावोगावच्या अग्निशमन दलांना अशा मालाच्या आगीशी कसे वागायचे ते शिकवतात. मला हे वाचून हेवा वाटला. आमच्या रस्त्यावर व्हॅन उलटली तर आधी पोहोचणार ती जवळच्या नगरपरिषदेची अग्निशमन गाडी, आणि तिच्यावरच्या पोरांना ००२७ म्हणजे काय हे कोणी शिकवले आहे का? शिकवणार असतील तर खेपेमागे शंभर-दोनशे रुपये खरे शासकीय शुल्क लावा, पावती द्या, मी पहिली भरीन.

ज्यांना पुरवठादार निवडायचा आहे त्यांनी दर विचारण्याआधी तीन कागद मागावेत: व्हॅनचा परवाना, विमा, चालकाच्या परवान्यावरची नोंद. जो टाळाटाळ करतो त्याचा दर ऐकूच नका. बिलात ‘शासकीय’ लिहिले असेल तर चलन मागा. स्वतःच्या मॅगझिनच्या परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते, नूतनीकरणाचे पैसे आणि कागद त्याआधी पुरेशा वेळेत भरा. त्या दिवसांत घाई करून कोणी ‘मी करून देतो’ म्हणाला तरी पैसे स्वतःच भरा आणि पावती परवान्याच्या फाइलला लावा. आमची दुसऱ्या पुरवठादाराकडची मागणी पुढच्या हंगामासाठीही नोंदवून झाली आहे.