नोव्हेंबर स्टेप्स की घोस्ट ऑपेरा: आधी काय ऐकावं?

ख्याल ऐकत कान तयार झालेत आणि आता आधुनिक पाश्चात्त्य संगीतातले प्रयोग ऐकायची हौस आहे, असं कुणी म्हणालं की माझ्यासमोर ही दोन नावं येतात. दोन्हींत पूर्वेची वाद्यं पाश्चात्त्य वाद्यांबरोबर बसली आहेत. साम्य इथेच संपतं.

घोस्ट ऑपेराबद्दल आधी सांगतो, कारण त्यात शिरणं सोपं आहे. चिनी संगीतकार तान दुन यांनी 1994 साली क्रोनोस क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा संच आणि पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या वू मान यांच्यासाठी ही रचना केली. चार तंतुवाद्यं, एक पिपा आणि जोडीला पाणी, दगड, धातू, कागद. चीनच्या हूनान प्रांतात लहानपणी पाहिलेले, भुताखेतांशी बोलण्याचे विधी तिच्यामागे आहेत. त्यात बाखचा एक प्रेल्यूड, म्हणजे छोटी वाद्यरचना, येतो, शेक्सपिअरच्या ओळी येतात आणि आई गेलेल्या पोरीचं एक चिनी लोकगीतही येतं. कागदावर ही सगळी भेसळ वाटते, पण कानाला तशी लागत नाही. ते लोकगीत सुरू झालं की नवख्यालाही धरायला काहीतरी सापडतं. पहिल्याच बैठकीत आवडेल असं या दोघांत हेच आहे, हे मान्य करायला हवं.

मला नडलं ते पाणी. वाजवणारे इथे रंगमंचावर जागा बदलतात, भांड्यातल्या पाण्यात हात घालतात, कागद फडफडवतात. ही मुळात बघायची गोष्ट. आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतेक वेळा नुसतं ध्वनिमुद्रण. रात्री सगळी निजल्यावर हेडफोन लावून बसावं आणि कानात चुळुक-चुळुक सुरू व्हावं, की माझं अर्धं चित्त मोरीतल्या नळाकडे. उठून बघून यायचं, तोवर संगीत पुढे निघून गेलेलं. सवयीने हे जाईल असं वाटलं होतं, पण उलटंच झालं. आता पाणी येणार हे माहीत असल्यामुळे त्याच्या आधीचे चांगले सूरही मी धास्तीत ऐकू लागलो. दोष रचनेचा नसेल, माझ्या कानांचा किंवा आमच्या इमारतीच्या नळांचाही असेल. पण डोळे मिटून ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना ही अडचण येईल, असा माझा अंदाज आहे.

जपानी संगीतकार तोरु ताकेमित्सु यांच्या नोव्हेंबर स्टेप्सची अडचण वेगळी. तिथे धरायला काहीच नाही. चाल नाही, ठेका नाही, समेची वाट बघण्याचा प्रश्नच नाही. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या 125व्या वर्षासाठी मागवलेली ही रचना नोव्हेंबर 1967 मध्ये सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली पहिल्यांदा वाजली. बिवा या जपानी तंतुवाद्यावर किंशी त्सुरुता, शाकुहाची या बांबूच्या बासरीवर कात्सुया योकोयामा. जपानी आणि पाश्चात्त्य वाद्यांचा मिलाफ करायचाच नाही, त्यांच्यातलं अंतर तसंच ऐकू द्यायचं, ही ताकेमित्सु यांची भूमिका. बरीच फ्यूजन ऐकून कंटाळलेल्या मला हा प्रामाणिकपणा फार बरा वाटला.

आणि आवाज! बिवाच्या तारेत मुद्दाम राखलेली झणझण असते. तंबोऱ्याची जवारी ज्याच्या कानात मुरली आहे, त्याला ती परकी वाटूच शकत नाही. शाकुहाचीचा सूर मानेच्या हालचालीने सरकतो, त्यामुळे मींड ओळखीची लागते. मात्र फुंकरीची खरखर तिथे लपवत नाहीत, उलट तीच पुढे आणतात. गोड बासरीची सवय असेल तर सुरुवातीला दचकायला होईल. शेवटाकडे वाद्यवृंद थांबतो आणि ही दोनच वाद्यं बराच वेळ एकमेकांसमोर उरतात. त्या भागासाठी मी बाकी सगळं सोसायला तयार आहे.

सोसावं लागतं हेही खरं. आवाज इतका खाली जातो की लोकलमध्ये किंवा रिक्षात ऐकणं फुकट. वाढवून ठेवला तर पुढच्या क्षणी वाद्यवृंद अंगावर येतो. घर शांत हवं आणि सलग वीसेक मिनिटं मोकळी हवीत. ती मिळत नसतील तर घोस्ट ऑपेराच बरं, त्यात निदान मध्येच सोडून परत येता येतं.

(तान दुन यांनी पुढे पाण्याची वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक कॉन्चर्टो लिहिला आणि तो ताकेमित्सु यांच्याच स्मृतीला अर्पण केला. तेव्हा या दोघांची झुंज लावायची, तर ती आपणच.)

कुणी विचारलंच तर मी नोव्हेंबर स्टेप्सकडे बोट दाखवतो. ओझावांचं टोरंटो सिम्फनीबरोबरचं ध्वनिमुद्रण घ्या, वादक तेच दोघे आहेत. अगदीच जड गेलं तर त्याच दोन वाद्यांसाठी ताकेमित्सु यांनी 1966 मध्ये लिहिलेलं एक्लिप्स आधी ऐका. त्यात वाद्यवृंद नाही. आणि घोस्ट ऑपेरा ऐकू नका, प्रयोगाचा व्हिडिओ मिळाला तर बघा.