जॉन लँचेस्टर यांची ‘द वॉल’ : परीक्षणं वाचून बाजूला ठेवली होती, ती चूक झाली

ब्रिटिश लेखक लँचेस्टर यांची ही कादंबरी जानेवारी २०१९ मध्ये फेबर ह्या प्रकाशनाने काढली, त्याच वर्षी बुकरच्या तेरा पुस्तकांच्या लाँगलिस्टमध्ये आली आणि पुढे सहाच्या शॉर्टलिस्टमध्ये काही गेली नाही. तेव्हा मी परीक्षणं वाचली होती, काही जणांनी डोक्यावर घेतलेली, काही जणांचं म्हणणं की पात्रं पुठ्ठ्याची आहेत, रूपक फार ढोबळ आहे, लेखक निबंधकार म्हणून मोठा पण इथे गोष्ट कोरडी झालीये. मी ते खरं मानून पुस्तक बाजूला ठेवलं. यंदा पावसाळ्यात दोन रात्रींत वाचून काढलं आणि आता वाटतंय की त्या कोरडेपणाबद्दल ज्यांनी तक्रार केली त्यांनी पुस्तकाचा जीवच बाहेर काढून ठेवला.

गोष्ट थोडक्यात सांगते, शेवट सांगत नाही. हवामान बदलून गेलंय, त्याला सगळे नुसतं ‘द चेंज’ म्हणतात. जगात एकही समुद्रकिनारा उरलेला नाही. एका बेटवजा देशाने, नाव कुठेच घेतलेलं नाही पण ब्रिटनच आहे हे पहिल्या पानापासून कळतं, आपल्याभोवती दहा हजार किलोमीटरची काँक्रीटची भिंत बांधलीये आणि प्रत्येक तरुणाला दोन वर्षं तिथे पहारा द्यावा लागतो, बारा तासांची पाळी, दर दोनशे मीटरवर एक माणूस. समुद्रातून येणाऱ्या लोकांना ‘अदर्स’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत सरळ ‘बाहेरचे’. बाहेरचे जितके आत घुसतील तितके पहारेकरी शिक्षा म्हणून समुद्रात सोडून द्यायचे, एकाला एक असा हिशेब. जोसेफ कॅव्हनाह नावाचा पोरगा पहिल्या दिवशी ड्यूटीवर येतो तिथून सुरुवात होते, आणि पहिलं वाक्यच थंडीबद्दल आहे.

पुस्तक आलं ती वेळ बघा. १५ जानेवारी २०१९ ला ब्रिटिश संसदेत ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, आणि तिकडे अमेरिकेत ट्रम्पच्या मेक्सिको सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून डिसेंबरात बंद पडलेलं सरकारी कामकाज ३५ दिवसांनी, त्याच जानेवारीच्या शेवटी सुरू झालं. मग काय, बऱ्याच परीक्षणांमध्ये ब्रेक्झिट आणि ट्रम्पच जास्त आले आणि समुद्र कमी आला. ह्याने पुस्तकाचा खप वाढला असेल कदाचित, पण नुकसानही झालं असं मला मनापासून वाटतं, कारण त्या बातम्या जुन्या झाल्या की पुस्तकही जुनं झालं असा समज झाला. लँचेस्टर यांनी २००७ मध्येच ‘लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये हवामान बदलावर मोठा लेख लिहिला होता, म्हणजे हा विषय त्यांच्या डोक्यात ट्रम्पच्या कितीतरी आधीपासून होता, आणि कादंबरी त्यांना सुचली ती परत परत पडणाऱ्या एका स्वप्नातून, भिंतीवर एकटा उभा असलेला माणूस.

आता पात्रांचं. अहो, तो माणूस बारा तास काँक्रीटवर उभा आहे, समोर पाणी, वर आभाळ, वारा, थंडी, बास. थंडीचे सुद्धा प्रकार सांगतो तो, कारण सांगायला दुसरं काही नाहीच. शेजारच्या जागेवरची हिफा इतक्या कपड्यांत गुंडाळलेली असते की ती मुलगा आहे की मुलगी हेच त्याला आधी कळत नाही. आणि समीक्षक म्हणणार की पात्रांना खोली नाही! ज्या पिढीकडून भविष्य काढून घेतलंय तिला चहा कधी येतो आणि पाळी कधी संपते एवढंच उरतं, आणि ते लँचेस्टरनी भाषेत आणलंय, छोटी वाक्यं, तेच तेच शब्द, मध्येच ते शब्द पानावर कवितेसारखे मांडलेत. मला पहिले शंभर पानं वाचताना खरंच कंटाळ्याच्या आत भीती साठत गेल्यासारखं झालं. आईवडिलांशी मुलं बोलू शकत नाहीत तो भाग तर फारच लागला. भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त जग तुम्ही मोडलंत आणि पहारा आम्ही देतोय हे दोघांनाही माहितीये, त्यामुळे घरात आल्यावर बोलायला विषयच नाही.

माझं गाव अलिबागच्या बाजूचं, खारभूमीतलं. आमच्याकडे समुद्र अडवणारी भिंत म्हणजे मातीचा बांध, उधाणाला खांड, म्हणजे भगदाड पडलं की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि ती जमीन पुढे काही वर्षं हातची जाते, म्हणून पूर्वी खांड बुजवायला घराघरातून माणसं जायची असं आजी सांगायची. आमचा बांध पाण्यासाठी होता. ह्या पुस्तकातल्या भिंतीवर पाण्याकडे बघतात ते फक्त त्यातून माणूस येतोय का हे बघायला. हा फरक वाचताना सारखा टोचत राहिला.

आणि तो ‘हेल्प’ शब्द. पकडलेल्या बाहेरच्यांना तीन पर्याय देतात, मरण, परत समुद्र, नाहीतर ‘हेल्प’ व्हायचं, म्हणजे चिप लावून घरोघरी फुकट राबायचं, कोणालाही मागता येतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतं, चांगली हेल्प आहे का कुणाकडे. तो शब्द ह्यापुढे माझ्याकडून सहज टाईप होणार नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती काही समीक्षकांनीही केलीये, तिथे मी त्यांच्या बाजूची. बाहेरचे कोण आहेत? कुठून आले, कुठली भाषा बोलतात, त्यांचं काय बुडालं? पहिल्या भागात ते अंधारातल्या सावल्या आहेत, ते समजू शकते, पहारेकऱ्याच्या नजरेतून तसंच दिसणार. पण पुढे कथा भिंतीपलीकडे जाते तेव्हाही समुद्र उलगडतो तो आतल्या मुलाच्याच दुःखाने. लंडनमधल्या वाचकाला तो धक्का पुरेसा असेल, की अरे हे आपल्यावरही येऊ शकतं. मी मात्र वाचायला बसले तेव्हाच भिंतीच्या बाहेर होते. बंगालच्या उपसागरापासून अरबी समुद्रापर्यंत आम्ही सगळे त्या बोटीतलेच धरलेले आहोत ह्या जगात, आणि त्या बोटीतून कोणी बोलतच नाही. आईला मी गोष्ट सांगितली तर तिचा पहिला प्रश्न हाच होता, त्यांच्या बायकापोरांचं काय झालं मग?

तिसरा भाग घाईत उरकलाय. पाण्यावरचे प्रसंग भरभर येतात आणि पहिल्या भागातली ती साचत जाणारी भीती तिथे राहत नाही, शेवटाकडे एक-दोन गोष्टी फारच सोयीने घडतात.

तरी पाचपैकी चार देते. इंग्रजी सोपी आहे, तीनशेच्या आतली पानं, कॉलेजातल्या मुलांना बिनधास्त द्या. मराठीत कोणी अनुवाद करत असेल तर ‘अदर्स’ला ‘इतर’ करू नका, ‘बाहेरचे’च ठेवा.