नवा म्हणून विकलेला वापरलेला लॅपटॉप

एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीकडून ‘नवा, सीलबंद’ म्हणून घेतलेला लॅपटॉप प्रत्यक्षात कोणीतरी वापरून परत केलेला निघाला. हे सिद्ध करण्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे पुरावे त्या लॅपटॉपमध्येच नोंदलेले होते. मात्र ते कोठे शोधायचे आणि कोणत्या शब्दांत मांडायचे हे ठाऊक नसेल, तर परताव्याची मुदत संपेपर्यंत ग्राहकाला झुलवत ठेवणे विक्रेत्याला फारसे अवघड जात नाही. असा प्रसंग आणखी कोणावर आलाच तर त्याच्या हाती काहीतरी ठोस असावे, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

लॅपटॉप मुलीच्या अभ्यासासाठी घेतला होता. खोके व्यवस्थित बंद होते, पडद्यावर पातळ प्लास्टिकचे आवरण होते, चार्जरची वायर कारखान्यातून यावी तशी बांधलेली होती. बाहेरून पाहता शंका घ्यावी असे काहीच नव्हते. त्रास सुरू झाला तो वापरताना. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी एक लांबलेले व्याख्यान संपेपर्यंतही टिकत नव्हती, आणि साधे टंकलेखन चालू असतानाही पंखा जोरात फिरत असे. नीट उजेडात पाहिल्यावर चार्जिंगच्या खाचेभोवती बारीक ओरखडे दिसले, आणि स्पेस बारसह काही कळा शेजारच्या कळांपेक्षा जास्त गुळगुळीत झालेल्या आढळल्या. वर्षभर वापरलेल्या कळफलकावर दिसते तशी ती झीज होती.

कस्टमर केअरला फोन केल्यावर मिळालेले पहिले उत्तर असे होते की नवी बॅटरी रुळायला वेळ लागतो, काही वेळा ती पूर्ण संपवून पुन्हा पूर्ण चार्ज करा. हे उत्तर चुकीचे आहे. आजच्या लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरीला अशा प्रकारे ‘रुळवावे’ लागत नाही. तिची क्षमता पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि वापराने हळूहळू कमीच होत जाते. बॅटरी पूर्ण संपवून चार्ज केल्याने फार तर टक्केवारीचा अंदाज अधिक अचूक दिसू लागेल, गेलेली क्षमता परत येणार नाही. त्यानंतर अपडेट करून पाहा, मग विंडोज पुन्हा टाकून पाहा, मग उत्पादक कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवा, असे एकामागून एक सल्ले मिळत गेले. यातला प्रत्येक सल्ला एकेकटा पाहिला तर वाजवी वाटतो. पण प्रत्येकात वेळ जातो, आणि परताव्याची मुदत मात्र लॅपटॉप हाती पडल्यापासून मोजली जात असते. शिवाय सेवा केंद्राने लॅपटॉप उघडला की ‘मालाशी छेडछाड झाली आहे’ असे म्हणून परतावा नाकारण्याची सोय विक्रेत्याला मिळते, ही बाब त्या संभाषणांत कोणीही सांगितली नाही.

फोन ठेवून लॅपटॉपच तपासायचे ठरवले, आणि तेथूनच प्रकरणाला वळण मिळाले.

विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय मुळातच असते. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करून देण्याची विंडोजमधील खिडकी) उघडून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेपुढे तिरपी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत लिहिले की एक पान तयार होते आणि ते ब्राउझरमध्ये उघडता येते. त्यात बॅटरीची मूळ रचनेतील क्षमता, सध्या पूर्ण चार्ज झाल्यावर मिळणारी क्षमता आणि चार्जिंगच्या आवर्तनांची (एक आवर्तन म्हणजे एका पूर्ण चार्जइतका वापर) संख्या अशा तीन नोंदी असतात. नव्या लॅपटॉपमध्ये पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे असतात आणि आवर्तने अगदी मोजकी. आमच्या अहवालात सध्याची क्षमता मूळ क्षमतेच्या तीन चतुर्थांशांहूनही कमी होती आणि आवर्तनांचा आकडा तीन अंकी होता. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. त्याच अहवालातील रोजच्या वापराचा इतिहास विंडोज नव्याने टाकल्यावर पुसला जातो, त्यामुळे तो कोरा दिसला तरी त्यावरून काहीच ठरत नाही. आवर्तनांची संख्या मात्र बॅटरीच्या स्वतःच्या चिपमध्ये साठवलेली असते आणि विंडोज बदलल्याने ती बदलत नाही. काही लॅपटॉपमध्ये ही संख्या दाखवलीच जात नाही. तेथे दोन क्षमतांमधील फरकावरच विसंबावे लागते.

दुसरा पुरावा साठवणुकीच्या ड्राइव्हमध्ये मिळाला. हार्ड डिस्क असो वा एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह), प्रत्येक ड्राइव्ह स्वतःच्या वापराची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेत ठेवते. एकूण किती तास वीज मिळाली, किती वेळा चालू केली गेली, एसएसडी असेल तर आजवर किती माहिती लिहिली गेली, हे सारे त्यात असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने ते कोणालाही वाचता येते. ड्राइव्ह फॉरमॅट केल्याने या नोंदी जात नाहीत. नव्या ड्राइव्हवर कारखान्यातील चाचणीचे काही तास दिसू शकतात, त्यात वावगे काही नाही. आमच्या ड्राइव्हवर दीड हजारांहून अधिक तास नोंदलेले होते. लॅपटॉप अखंड चालू ठेवला असता तरी एवढे तास भरायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागला असता, आणि तो आमच्याकडे येऊन तेवढा काळ झालेलाच नव्हता. उलट बाजूनेही एक सावधगिरी आवश्यक आहे. ड्राइव्ह बदलून नवी बसवता येते आणि नोंदी शून्यावर आणणारी साधनेही अस्तित्वात आहेत, म्हणून तास कमी दिसले एवढ्यावरून लॅपटॉप नवा ठरत नाही.

तिसरा पुरावा सगळ्यांत सोपा होता, आणि पुढे सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. लॅपटॉपचा सिरीयल नंबर बिलावर, खोक्यावर, लॅपटॉपच्या तळाशी आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रणालीत) अशा चार ठिकाणी सापडू शकतो, आणि हे सारे नंबर तंतोतंत जुळले पाहिजेत. आमच्याकडे तळावरचा आणि बायोसमधला नंबर एकच होता, खोक्यावरचा वेगळा होता आणि बिलावर नंबर छापलेलाच नव्हता. याचा अर्थ लॅपटॉप एका खोक्यातला आणि खोके दुसऱ्या लॅपटॉपचे. उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर बायोसमधला नंबर टाकून वॉरंटी तपासली, तेव्हा ती आमच्या खरेदीच्या कितीतरी आधी सुरू झालेली दिसली. वॉरंटीची तारीख काही वेळा कारखान्यातून माल बाहेर पडल्यापासून धरली जाते आणि खरेदीचे बिल दाखवल्यावर दुरुस्त करून मिळते, त्यामुळे केवळ तारखेवर भर दिला असता तर विक्रेत्याला पळवाट मिळाली असती. चुकीचे खोके, जुनी तारीख, घटलेली बॅटरी आणि ड्राइव्हचे तास हे सारे एकत्र मांडल्यावर त्याला तशी वाट उरली नाही.

विंडोजच्या परवान्यातही असाच पुरावा मिळाला. नव्या लॅपटॉपसोबत येणारा परवाना सामान्यतः त्या यंत्राच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्रात कायम बसवलेल्या प्रणालीतच, असतो. परवान्याची माहिती दाखवणाऱ्या ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेला ‘डीएलआय’ हा पर्याय जोडला तेव्हा आमचा परवाना मोठ्या संस्थांना घाऊक पद्धतीने दिल्या जाणाऱ्या केएमएस प्रकारचा असल्याचे दिसले. असे सक्रियीकरण १८० दिवसांपुरते असते आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क होऊन त्याचे नूतनीकरण होत राहावे लागते. घरगुती ग्राहकाला विकलेल्या लॅपटॉपमध्ये हा परवाना असण्याचे कोणतेही रास्त कारण नाही, आणि परताव्याची मुदत उलटून बराच काळ गेल्यावरच त्याचा दोष उघड होतो, ही त्यातली सर्वांत संतापजनक बाब आहे.

आकडे वाचताना जी फसवणूक नाही तिला फसवणूक म्हणू नये, कारण एका चुकीच्या आरोपाने बाकीच्या खऱ्या आरोपांचे वजन कमी होते. ५१२ जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबीची दिसते, कारण उत्पादक दशमान पद्धतीने (हजाराच्या पटीत) मोजतात आणि विंडोज द्विमान पद्धतीने (१०२४ च्या पटीत). मेमरीचा (रॅमचा) काही भाग अंगभूत ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे वापरता येणारी मेमरी जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा थोडी कमी दिसते. या दोन्ही गोष्टी मी तक्रारीत मुद्दाम घेतल्या नाहीत.

पुरावे हाती आल्यावरही पहिली लेखी तक्रार फेटाळली गेली, आणि ती का फेटाळली गेली हे समजून घेणे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. तक्रार नोंदवताना कस्टमर केअरच्या माणसाने तिचा प्रकार ‘बॅटरीत बिघाड’ असा निवडला होता. बिघाडाची तक्रार वॉरंटीच्या वाटेने जाते. मग तंत्रज्ञ येतो, लॅपटॉप सुरू होतो की नाही हे पाहतो, ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असा शेरा मारतो आणि प्रकरण बंद होते. आणि दोष आढळलाच, तर बॅटरी बदलून दिली की विक्रेता मोकळा. आमची तक्रार मुळात बिघाडाची नव्हतीच. नवा म्हणून पैसे घेऊन वापरलेला माल दिला, म्हणजे जे विकले ते दिलेच नाही, अशी ती तक्रार होती. वापरलेला लॅपटॉप उत्तम चालत असता तरी ती तितकीच खरी ठरली असती, आणि बॅटरी बदलल्याने तिचे निवारण होणार नव्हते. वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाची जबाबदारी विकणाऱ्याची असते, ती उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे ढकलता येत नाही. म्हणून दुसरी तक्रार लिहिताना ‘मंद चालतो’, ‘बॅटरी टिकत नाही’, ‘गरम होतो’ ही सारी वाक्ये काढून टाकली. विक्रीच्या पानावर ‘नवा’ असे लिहिले होते त्याचे छायाचित्र, बिल, खोके, तळ आणि बायोस येथे सापडलेल्या सिरीयल नंबरांची नोंद, बॅटरीचा अहवाल, ड्राइव्हच्या नोंदी आणि वॉरंटीचे पान जोडले, आणि मागणी एकच केली, की माल परत घ्यावा आणि पूर्ण रक्कम द्यावी. दुरुस्ती किंवा बॅटरी बदल मान्य नसल्याचेही त्यातच लिहिले. विक्रीच्या पानाचे छायाचित्र वेळीच घेऊन ठेवलेले होते हे फार बरे झाले, कारण तक्रारीनंतर त्या पानावरचा मजकूर बदलला.

रिफर्बिश्ड म्हणजे तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकलेल्या मालाला माझा विरोध नाही. तसे स्पष्ट सांगून, त्या प्रमाणात कमी किमतीला आणि वॉरंटीसह विकलेला लॅपटॉप कित्येकांच्या गरजा चांगल्या भागवतो. आक्षेप आहे तो ही माहिती लपवून नव्याची किंमत घेण्याला. मोठ्या संकेतस्थळांवर माल विकणारा, तो गोदामात ठेवणारा आणि घरी पोहोचवणारा हे वेगवेगळे असू शकतात आणि परत आलेला माल पुन्हा त्याच साखळीत शिरू शकतो. म्हणून पानावर संकेतस्थळाचे नाव कितीही मोठे असले, तरी बिलावर विक्रेता म्हणून कोणाचे नाव आहे हे खरेदीपूर्वीच पाहणे गरजेचे आहे.

दुसऱ्या तक्रारीलाही ठराविक छापाचे उत्तर आले. मग एकाच वेळी दोन पावले उचलली. शासकीय ग्राहक तक्रार यंत्रणेकडे तीच कागदपत्रे पाठवली, आणि खरेदी कार्डाने केली असल्यामुळे बँकेकडे व्यवहाराविरुद्ध हरकत नोंदवली. माल वर्णनाप्रमाणे नसणे हे अशा हरकतीचे मान्य कारण आहे, पण त्यालाही मुदत असते आणि विक्रेत्याकडे आधी दाद मागितल्याचा लेखी पुरावा लागतो. फोनवरील संभाषणांचा येथे काहीही उपयोग झाला नाही. उपयोगी पडले ते ईमेल, चॅटच्या प्रती आणि तक्रार क्रमांक. बँकेने विक्री कंपनीकडे खुलासा मागितल्यानंतर, आधी ‘धोरणानुसार शक्य नाही’ असे सांगणाऱ्या त्याच कंपनीने परतावा मंजूर केला.

माल परत देतानाही सावध राहावे लागते. आधी स्वतःची माहिती दुसरीकडे घेतली, खात्यांमधून बाहेर पडलो, लॅपटॉप आपल्या खात्याशी जोडलेला राहणार नाही हे पाहिले आणि रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण पुसण्याचा पर्याय निवडला, कारण हा लॅपटॉप पुन्हा कोणाच्या तरी हाती जाणार याबद्दल आता शंका उरली नव्हती. न्यायला आलेल्या माणसाकडून सिरीयल नंबर लिहिलेली पोच मागितली; तो तयार नव्हता, पण तिच्याशिवाय खोके देणार नाही असे सांगितल्यावर त्याने लिहून दिली. काही आठवड्यांनी ‘वेगळा लॅपटॉप परत आला आहे’ असा ईमेल आला, तेव्हा त्या पोचीची प्रत पाठवावी लागली. त्यानंतर लॅपटॉपची पूर्ण रक्कम जमा झाली. सोबत घेतलेल्या वाढीव वॉरंटीचे पैसे मात्र ‘सेवा सुरू झाली आहे’ या सबबीवर अजून अडवून ठेवलेले आहेत, आणि त्यासाठीची वेगळी तक्रार ग्राहक यंत्रणेकडे प्रलंबित आहे.